विदरकोटांची गादी

बायकोने, रेखाने, मऊ भाताचा डबा हातात दिला आणि डॉक्टर गुरुदत्त नेहमीसारखा शेजारी निघाला. दोन हजार चारचा ऑगस्ट, अमेरिकेतल्या शुगर लँडची दमट दुपार. फाटक गाठेपर्यंत शर्ट पाठीला चिकटला. शेजारचे एडमंड विदरकोट शहाऐंशीचे, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यावर. मूळचे इंग्लंडचे, तेल कंपनीतून रिटायर झालेले. घराण्यात दोनशे वर्षांपासूनची ‘सर’ ही पदवी. बाप गेला की मुलाकडे, मुलगा नसेल तर भावाकडे. यांना भाऊ उरला नव्हता आणि लग्नही केलेलं नव्हतं. गुरुदत्त त्यांना काकाच म्हणायचा.

खोलीत पडदे ओढलेले होते. औषधांचा वास, आणि त्याखाली ओल्या मातीचा. तो कुठून येत होता कोण जाणे.

“डॉक्टर, सात पिढ्या...” म्हातारा थांबत थांबत बोलला. “ज्याच्याकडे ही पदवी, त्याचा थोरला मुलगा त्याच्या डोळ्यांदेखत जातो. दुसरा मुलगा नसेल तर पदवी भावाकडे... मग भावाचा थोरला जातो. म्हणून मी लग्न केलं नाही. माझ्याबरोबर संपू दे.”

“काका, हार्टचा आनुवंशिक आजार असेल,” गुरुदत्त हसून म्हणाला.

दोन दिवसांनी ते गेले. रडायला कुणी नव्हतं. निर्वंश हा आपल्याकडे शिवीसारखा शब्द, आणि गुरुदत्तला तो सोसवेना. फ्युनरल होममध्ये दहनाचं बटण त्यानेच दाबलं. जो अग्नी देतो तो मुलगा, एवढं त्याला पुरेसं होतं. दहाव्या दिवशी त्याने बॅकयार्डात पिंड ठेवला. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात ना, तसंच. सात पिढ्यांची गोष्ट हसण्यावारी नेणारा हा डॉक्टर आता कावळ्यासाठी तासभर उन्हात उभा होता.

कुंपणावर कावळे ओळीने बसले होते. एकही पिंडाला शिवेना.

“इच्छा राहिली असणार,” रेखा हळूच म्हणाली. “अहो, शब्द द्या काहीतरी.”

गुरुदत्तने हात जोडले. “काका, तुमच्या घराण्याचं नाव बुडू देणार नाही. मी तुमचा मुलगा. तुमची गादी मी चालवतो.”

कावळे एकदम उडाले. गेले ते गेलेच. वारा पडला, शेजारच्या अंगणातला कुत्राही गप्प झाला. शेवटी त्याने दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सुटलो म्हणत आंघोळीला गेला. म्हाताऱ्याची इच्छा काय होती ते त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. डोक्यात मात्र ते शिरलं नव्हतं.

नोव्हेंबरात त्याचा एकुलता एक मुलगा अनय, प्लेनोला नोकरी करणारा, टेनिस खेळताना कोर्टवर कोसळला. सव्वीस वर्षांचा होता. हार्ट ठणठणीत होतं असा पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आला. गुरुदत्तने तो तीनदा वाचला. चौथ्यांदा त्याला अक्षरं दिसेनात.

रेखाने बोलणंच सोडलं. गुरुदत्तला रोज मरावंसं वाटे, पण मरायचीही चोरी होती. तो मेला की गादी धाकट्या भावाकडे, प्रतापकडे जाणार, आणि प्रतापला ऋषी होता. म्हणून हा माणूस जिवाला जपू लागला. मीठ सोडलं, गाडी सोडली, जिना चढणं सोडलं. नको असलेलं आयुष्य तो पुतण्यासाठी रेटत होता, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

मार्चमध्ये भर दुपारी दीड हजार मैलांवरच्या आयसेलिनहून प्रतापचा फोन आला.

“दादा, इकडे येऊनसुद्धा घरी आला नाहीस?”

“मी...? मी शुगर लँडलाच आहे.”

“काहीतरीच काय. ऋषीने पाहिलं तुला आत्ता, ओक ट्री रोडला, साडीच्या दुकानासमोर. बरोबर सात गोरे म्हातारे होते, सगळे रडत होते म्हणे. ऋषीने ‘काका’ म्हणून हाक मारली, तर तू त्याच्या डोक्यावरून हात फिरवलास... आणि नुसतं ‘सॉरी’ म्हणालास.”

गुरुदत्तच्या खोलीत ओल्या मातीचा वास भरला होता.