पंगत उठेपर्यंत

रागिणीला आणि तिच्या चार वर्षांच्या शालूला दर्यापूरला सासरी सोडून यायचं, एवढंच काम होतं. अमरावतीहून बस आहे, जीप आहे. पण दारात गाडी उभी असताना लेक जीपमधून धक्के खात उतरली, तर व्याह्यांपुढं खुशालरावांची मिशी खाली आली असती. मग मे महिन्याची भर दुपार असो, नाहीतर गाडी पंधरा वर्षांची असो.

चालवणार त्यांचा मुलगा कुलदीप. बोलणी खाणारही तोच.

गाडी कसली, दुखण्याचं गाठोडं होतं ते. रेडिएटरचा पंखा आपोआप लागायचा बंद झालेला, म्हणून मेकॅनिकनं डॅशबोर्डखाली घरातल्या दिव्याचं बटन बसवून दिलेलं. इंजिनाच्या तापाचा काटा चढला की बटन दाबायचं. एसी मेलेला. मागच्या काचा कायमच्या वर अडकलेल्या. आणि सेंट्रल लॉक तर मनात येईल तेव्हा खटकन पडायचं. कुलदीपनं त्याचं सगळं वायरिंग उकलून पाहिलं होतं. बिघाड सापडला नव्हता.

"गाडी एकदम कंडिशनमंधी हाय," खुशालराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. आणि कुलदीपला म्हणत, "दोन वर्षं इंजिनिअरिंग शिकला न बे तू? मंग एक लॉक नीट करता येत नाई?"

कॉलेज सोडल्यापासून हे रोजचंच होतं. कुलदीप आता नुसते दात आवळत असे.

आजही बापानं त्याला भातकुलीवरून आडरस्त्यानं गाडी घ्यायला लावली. मोठ्या रस्त्यावर बंद पडली तर ओळखीचं कोणीतरी पाहील, हे खरं कारण. तोंडानं म्हणाले, "हा रस्ता सावलीचा हाय."

सावली कुठंच नव्हती. दोन्हीकडं उलून पडलेली काळी रानं. त्यावर ऊन असं उभं, की दूरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. काटा लालच्या वर गेला. बटन दाबलं. पंखा लागला, तरी बॉनेटमधून वाफ आलीच. एका छोट्या पुलाजवळ कुलदीपनं गाडी उभी केली.

"चालवताच येत नाई तुले," खुशालराव म्हणाले आणि एका बाभळीखाली जाऊन बसले.

रागिणी कॅन घेऊन रस्त्यापलीकडच्या हापशीवर पाणी आणायला गेली. शालू मागच्या सीटवर झोपली होती. तिला वारं लागावं म्हणून पुढची दोन्ही दारं उघडी, काचा खाली. पंखा फिरत राहावा म्हणून किल्ली आतच. कुलदीप बॉनेटखाली वाकला. रबरी पाइप क्लिपपाशी फाटला होता.

तेवढ्यात दारं लागली.

आपटली नाहीत. कोणीतरी झोपलेल्याला जाग येऊ नये म्हणून लावावी, तशी हळूच लागली. आधी एक... मग दुसरं. रानात पानही हलत नव्हतं. मग आतून आवाज आला... कर्र... कर्र... काच वर करायची मूठ फिरवल्याचा.

कुलदीप धावत बाजूला आला, तोवर काच वर पोचली होती. त्याच्या डोळ्यांदेखत मुठीनं शेवटचा अर्धा फेरा घेतला. मग चारही लॉक एकदम पडले. खट.

"शालू!"

शालू उठून बसली होती. ती कुलदीपकडं पाहत नव्हती. शेजारच्या रिकाम्या सीटकडं पाहून हळूहळू मान हलवत होती. तिचे दोन्ही हात मांडीत होते... आणि काचेवर आतून एक लहान पंजा उमटला. बाहेर अंगाची लाही होत होती आणि काच आतून धुक्यासारखी पांढरी होत चालली होती. त्या पांढऱ्यात पाच बोटं. मग अजून पाच.

आणि हॉर्न वाजायला लागला. स्टिअरिंगजवळ कोणी नव्हतं. थोडं वाजून थांबायचा, पुन्हा वाजायचा. हात पुरत नसलेल्या लेकरानं सारा जोर लावून दाबावा, तसा.

"बाबा! पोट्टी आत अडकली! या ना!"

खुशालराव उठले नाहीत. बाभळीखाली दोन्ही कानांवर हात दाबून बसले होते.

कुलदीपनं काचेवर कोपर हाणलं. हात बधिर झाला, काच तशीच. लोखंडी टॉमी डिकीत आणि डिकीही बंद. दगड शोधायला तो वाकला, तर काळ्या मातीच्या त्या मुलखात दगड कुठला? नुसती ढेकळं. हाणलं की हातातच पीठ. रागिणी कॅन टाकून धावत आली आणि दार ओढत किंचाळायला लागली. आतलं आता काहीच दिसत नव्हतं. हॉर्नही दमत चालला होता.

शेवटी पुलाच्या फुटक्या कठड्याचा एक चिरा त्यानं नखं फुटेपर्यंत ओढून काढला आणि मागच्या काचेवर घातला. पहिल्यानं तडा गेला. दुसऱ्यानं काच आत कोसळली.

आतून हवा आली ती गार. विहिरीच्या तळासारखी गार. आणि तिला वास होता... गरम वरणाचा, तुपाचा, बुंदीचा. त्या ओसाड रस्त्यावर शे-दोनशे माणूस जेवायला बसल्यासारखा.

त्यानं शालूला काचेतून ओढून काढलं. अंगावर घामाचा थेंब नाही. ती आजोबांकडं बघत म्हणाली, "आबा... पंगत उठली का?"

रागिणी शालूला कवटाळून उभी होती. तिची नजर फुटलेल्या काचेच्या कडेवर गेली. रबर निघालं होतं आणि पांढऱ्या रंगाखालून लाल रंग दिसत होता.

"ही देवमनकाकाची गाडी हाय," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता. "बाबा, ही देवमनकाकाची लाल गाडी हाय ना?"

खुशालरावांनी तोंड फिरवलं.

"कोनती गाडी, ताई?"

"तू होस्टेलवर होता तवा, तुले कोनी सांगतलं नाई. अकोल्याकडं साखरपुडा होता. काकाची नात झोपली म्हनून गाडीतच ठेवली होती. मी वाढून राहिली होती. हॉर्न वाजून राहिला होता, सारे ऐकून राहिले होते. तिची माय, सुभद्रावहिनी, वरनाचं भांडं ठेवून निघाली... तं बाबा म्हनले, सोयऱ्याईची पहिली पंगत हाय, पंगत उठेपर्यंत वाढनारीनं हलाचं नाई. पोट्टी खेळून राहिली असन." तिनं शालूला अजून घट्ट धरलं. "पंगत उठली, तवा हॉर्न बंद झाला होता."

कुलदीपच्या हातातून रक्त गळत होतं. "अन् तेच गाडी आमाले बसाले आनली?"

"देवमनले दारात नको होती ते," खुशालराव पुटपुटले. "रंग मारला... शांती केली, लिंबू उतरवलं. सारं रीतसर केलं बापा."

"रीतसर!" कुलदीप ओरडला. "लेकरू मेलं तेही रीतसरच न? भात निवला नाई पाहिजे, सोयरा रुसला नाई पाहिजे, मानपान सांभाळला पाहिजे. लेकरू गेलं तं गेलं! अन् मले इचारता, लॉक काहून नीट होत नाई!"

त्यानं चिरा गाडीच्या टपावर फेकला. बापाची मान खाली गेलेली कुलदीपनं पहिल्यांदाच पाहिली. त्याचं समाधान मात्र झालं नाही.

गाडी तिथंच सोडली. अर्ध्या तासानं दर्यापूरची जीप आली. मागं समोरासमोर दोन बाकडी. एकावर कुलदीप आणि शालूला मांडीवर घेतलेली रागिणी, बाकी माणसं खेटून. समोरच्या बाकावर कडेला खुशालराव, डोळे मिटून. त्यांच्या शेजारी थोडी जागा रिकामी होती. पुढच्या फाट्यावर एक धिप्पाड बाई पिशवी घेऊन चढली. रिकाम्या जागेशी वाकली आणि थांबली.

"बुढेबाबा, पोरीले मांडीवर घ्या न. मले बसू द्या."

"कोन्या पोरीले, बाई?" रागिणीनं विचारलं.

"हे का इथं! माय वं, किती गार पडली हे..."

खुशालरावांनी डोळे उघडले नाहीत. पण त्यांचे दोन्ही हात मांडीवर आले आणि लेकरू खाली घसरू नये म्हणून धरावेत, तसे एकमेकांत गुंतले. बाई मोकळ्या जागेवर ऐसपैस बसली. जीप सुरू झाली.