एक लिंक राहिलीय

"म्हणजे प्रोग्रॅम नाही, तुम्ही आहात!"

मी दचकून वर पाहिलं. टेबलापाशी एक उंच माणूस उभा होता. हातात चहाचा कप आणि चेहऱ्यावर चोर सापडल्याचा आनंद.

"मी काय केलं?"

"माझ्या जुन्या सर्व्हरवरची पानं कोणीतरी एकामागून एक उघडतंय. वर्षानुवर्षं ज्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही, तीसुद्धा! मला वाटलं, हा एखादा प्रोग्रॅम असणार. पण प्रोग्रॅम रोज दुपारी एक वाजता जेवायला कसा जाईल?"

"आणि तुम्ही रोज दुपारी एक वाजता माझ्यावर पाळत ठेवता?"

तो असा गडबडला, की थोडा चहा माझ्या टेबलावर सांडला. त्याने तो स्वतःच्या रुमालाने पुसला, कोपऱ्यापर्यंत, अगदी मन लावून. हा माणूस आहे तरी कोण, असं मला वाटलं. आणि मला एकदा असं वाटलं की संपलंच. आई मला उगाच 'चौकशीखातं' म्हणत नाही.

आमची कंपनी औषधांच्या दुकानांसाठी बिलं करायचं सॉफ्टवेअर बनवते. ते कसं वापरायचं हे समजावणारी मदतीची पानं मी लिहिते. त्या पानांतल्या ढीगभर लिंका जुन्या सर्व्हरवर जात होत्या, आणि तो सर्व्हर महिनाअखेरीला कायमचा बंद होणार होता. त्याआधी प्रत्येक लिंक उघडायची, ते पान आता कुठे गेलंय ते शोधायचं आणि नवा पत्ता घालायचा. सगळे म्हणायचे, काय रटाळ काम! मला मात्र बंद दार दिसलं की ठोठावल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आणि हा तो सर्व्हर सांभाळणारा. मागच्या गार खोलीत एकटाच बसायचा. सगळे त्याला नुसतं 'सर्व्हरवाला' म्हणायचे.

दुसऱ्या दिवसापासून मी शाल घेऊन त्या खोलीत जाऊ लागले. कामासाठीच… म्हणजे सुरुवातीला तरी.

"हे बघा," मी एकदा म्हणाले. "'उरलेली औषधं परत कशी पाठवावी' यावर क्लिक केलं, तर गाद्यांचं दुकान उघडलं."

"तो पत्ता आपण सोडून दिला होता. दुसऱ्या कोणीतरी घेतला."

"म्हणजे ही तुटली नाही, फितूर झाली!"

तो खो खो हसला. हसताना त्याचा चष्मा नाकावरून घसरायचा आणि तो एका बोटाने वर ढकलायचा. ते बोट बघायला मिळावं म्हणून मी नंतर बरेच फालतू विनोद केले. सगळ्यांना हसला बिचारा.

"एक विचारू?" मी म्हणाले.

"नाही म्हटलं तर थांबणार आहात?"

"पान नसलं, की सर्व्हर काय सांगतो?"

"दोन उत्तरं देता येतात. 'सापडलं नाही' किंवा 'कायमचं गेलं'. पहिलं मिळालं तर शोधणारा पुन्हा कधीतरी येऊन बघतो. दुसरं मिळालं, की नाद सोडतो."

"आणि कुठलं द्यायचं ते कोण ठरवतं?"

"इथे? मीच."

मग एका संध्याकाळी माझ्याकडे शेवटची लिंक उरली. फार जुनं पान होतं, त्यानेच लिहिलेलं. खाली एक ओळ होती – काही अडलं तर मला विचारा. 'मला'वर क्लिक केलं तर त्याची माहिती आणि फोटो. फोटोत चष्मा घसरलेलाच.

"हिला कुठे वळवू?" मी विचारलं.

तो वायरी गुंडाळत होता. "नव्या माणसाकडे. सर्व्हर बंद झाला, की मीही चाललो. दुसरीकडे नोकरी घेतलीय."

इतके दिवस हजार गोष्टी विचारल्या होत्या मी. आता तोंडातून फक्त "अच्छा" निघालं. रात्री जेवताना आई म्हणाली, "सगळ्या जगाच्या उठाठेवी करतेस. त्याला मनातलं एक सांगता आलं नाही?"

नाही आलं. तो नको म्हणाला असता, तर मला ते ऐकवलं नसतं. शुक्रवारी त्याने सर्व्हरचं बटण दाबलं, पंख्यांची घरघर थांबली आणि खोली एकदम परकी झाली. तो "येतो" म्हणाला, मी मान हलवली. झालं.

सोमवारी सकाळी मी काढून टाकलेल्या पानांचे जुने पत्ते एकदा तपासले. त्याने जाण्याआधी लावून दिलेला नवा सर्व्हर सगळ्यांना एकच उत्तर देत होता – कायमचं गेलं, कायमचं गेलं. मग भीत भीत त्याचं पान उघडलं.

'सापडलं नाही.'

मी ते पुन्हा उघडून पाहिलं, उत्तर तेच. चूक? छे! तो माणूस सांडलेला चहा कोपऱ्यापर्यंत पुसतो.

दुकानदारांची अडचण नको म्हणून मी शेजारी मदतकक्षाचा नंबर टाकला. ती लिंक मात्र होती तशीच ठेवली. तुटलेल्या लिंका शोधणारा एक प्रोग्रॅम रोज सकाळी आपोआप चालायचा आणि त्याचा अहवाल सर्व्हरवाल्याच्या स्वतःच्या ई-मेलवर जायचा. तो अजून जातो का, हे मला ठाऊक नव्हतं. पण मी आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दाम चूक केली होती.

गुरुवारी फोन आला.

"एक लिंक राहिलीय," तो म्हणाला.

"माहितेय."

"रोज येतेय अहवालात. तुमच्या हातून राहील असं वाटत नाही…"

"राहिली नाही, ठेवलीय. तुम्हाला कळावं म्हणून." मी डोळे मिटले. "मला तुम्ही आवडता. आता ही कुठे वळवायची ते तुम्हीच सांगा."

मग हळूच –

"तो अहवाल माझ्याकडे येणं मी जातानाच बंद करणार होतो. केलं नाही. रोज सकाळी उघडून बघायचो, एखादी तरी तुटलीय का… फोन करायला निमित्त हवं होतं."

"मग सोमवारीच का नाही केला?"

"धीर गोळा करत होतो. पत्ता घ्या लिहून. तुमच्या इमारतीखालचं चहाचं दुकान, खिडकीजवळचं टेबल. ये ना…"

"अहो-जाहो कुठे गेलं?"

"कायमचं गेलं."

मी लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही, जिन्याने धावत उतरले. मला बघून तो उठला, टेबलाला धक्का लागला आणि सगळा चहा सांडला. या वेळी रुमाल माझा होता.

संध्याकाळी मी ती लिंक नीट केली. शुक्रवारी सकाळी त्याच्याकडे अहवाल कोरा गेला.

फोन तरीही आला.