फांदी न टाकता

अंकुश, ती वही टेबलावर ठेव. अन्नपूर्णाची वही आणायला तू स्वतः त्या गावी जाऊन आलास, तेही सुटीच्या दिवशी. भला माणूस आहेस. माझ्यावर उपचार करायचेत ना, कर. गुरूची विद्या गुरूलाच. अकरा महिने मी या फ्लॅटचा उंबरा ओलांडलेला नाही, तेव्हा पहिली पायरी दार, दुसरी जिना, हे मलाही कळतं. पण आधी ऐकून घे. आणि सारखी मान काय चोळतोयस? पोंभुर्ण्याहून एसटीत उभा आलास वाटतं. बस टेकून.

दर गुरुवारी मी अन्नपूर्णावर उपचार करायला तिथे जायची. डांबरी रस्त्यावर बसमधून उतरायचं, मग सागाच्या जंगलातून पाऊण तास पायवाट. अन्नपूर्णा चौदा महिने अंगणाच्या कुंपणापलीकडे गेली नव्हती. तिच्या नवऱ्याला, सुनिलला, मोहफुलं वेचताना तिच्यादेखत वाघाने मारलं होतं. पुढे महिन्याभराने ती बाजारात गेली, आणि भर गर्दीत तिची छाती धडधडायला लागली, हात बधिर झाले, श्वास अडकला. आता आपण मरतो, असं तिला वाटलं. मग बाजार सुटला, हातपंप सुटला, शेवटी शेजारचं घरसुद्धा. मुलगी दीपाली आश्रमशाळेत. ‘आई न्यायले आली तरच येतो’ म्हणून हटून बसलेली. अन्नपूर्णाला एवढंच हवं होतं, की आपल्या पायांनी डांबरी रस्त्यापर्यंत जावं, बसमध्ये बसावं आणि लेकीला दिवाळीला घरी आणावं.

मी तिला आपलं नेहमीचं शिकवलं. धडधड म्हणजे मरण नव्हे. पळालं की भीती वाढते, थांबलं की आपोआप उतरते. दहा पायऱ्या आखल्या. प्रत्येक पायरीला वहीत लिहायचं: काय होईल असं वाटतं, भीती शंभरात किती, आणि प्रत्यक्षात काय झालं. हातपंपाशी पंचाण्णववर असलेली भीती महिन्याभरात तीसवर आली. शून्य कधीच येत नाही, हे तुला मीच शिकवलंय. जिवंत माणसाला थोडी भीती असतेच, आपण वीसवर समाधान मानतो. आठ पायऱ्या ती चढली आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

नववी पायरी होती सुनिल मेला ती जागा. पायवाटेला लागूनच आहे. तिथे सुकलेल्या फांद्यांचा छातीएवढा ढीग होता. वाघाने माणूस मारला की त्या जागेवरून जाणारा प्रत्येकजण एक फांदी टाकतो, हा तिकडचा रिवाज. देश तसा वेश, म्हणून मीही टाकायची. त्या दिवशी मात्र मी ठरवूनच गेले होते. हातात पाण्याची बाटली असली तरच घराबाहेर पडणारे पेशंट तू पाहिलेत. बाटली सुटत नाही तोवर भीती सुटत नाही. मला ती फांदी अगदी तशीच बाटली वाटली.

भर दुपार होती. माणसं मारणारा तो वाघ वनखात्याने कधीच पिंजऱ्यात धरून नेला होता आणि आठ महिन्यांत कुणाला पंजाचा ठसासुद्धा दिसला नव्हता. मी काही वेडी नव्हते, अंकुश. सोबत तिचा सासरा सोमाजी होता. त्याने पळसाच्या तीन फांद्या तोडून आणल्या होत्या. अन्नपूर्णाने वहीत लिहिलं, ‘सुनिल घ्यायले येईल.’ भीती अठ्ठ्याण्णव.

मी तिच्या हातातली फांदी काढून घेतली.

“म्याडम, आजच्या दिवस टाकू द्या ना...”

“टाकलीत तर मन म्हणेल, फांदीमुळे वाचले. न टाकता चला, ताई. मी आहे ना सोबत.”

मी आहे ना! जळो ती जीभ.

सोमाजीने स्वतःची फांदी ढिगावर ठेवली आणि हळू आवाजात म्हणाला, “बाई, हे भीतीचं काम नोहे. वाघानं मारलेला मानूस मोकळा नाई होत. कोन्याबी वाघाच्या, वाघ नाई भेटला त मानसाच्या डोक्स्यावर बसते नि आपल्याच मानसाकडे रस्ता दाखवते. फांदी भेटली का मंग तिथीच थांबते.”

मी त्याच्यासमोर हसले नाही. मनात हसले.

आम्ही ढीग ओलांडला. वीसेक पावलांवर मी विचारलं, “किती?”

“नव्वद...” ती म्हणाली. मग, “सत्तर.” मग, “पन्नास.” आणि ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. “उतरून राह्यली, म्याडम! दीपालीले आता मीच आनीन!” आनंदाने माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

तेव्हाच पाखरं गप्प झाली. बिडीचा वास आला. आमच्यात बिडी कोणीच ओढत नव्हतं.

“सुनिलची बिडी...” सोमाजी जागीच थांबला.

“वीस...” अन्नपूर्णा म्हणाली. तिचा चेहरा अगदी सैल पडला होता. “दहा...”

ना गुरगुर, ना पाला वाजला. पिवळं काहीतरी माझ्या खांद्याला घासून गेलं आणि मी पडले. वाघाने तिला मागून मानेत धरलं होतं. हाड मोडल्याचा आवाज ऐकलायस कधी? ओला बांबू मोडतो तसा. रक्ताची चिळकांडी माझ्या चष्म्यावर उडाली. सोमाजी काठीने वाघाला बडवत सुटला, काठीचे दोन तुकडे झाले. एका पंजासरशी म्हाताऱ्याच्या दंडाचं मांस लोंबायला लागलं. मी तिचा पाय धरला. वाघ ओढत होता, मी ओढत होते, तिच्या पाठीखालची माती लाल होत होती. आणि मान तशी मोडलेली असताना तिचे ओठ हलले.

“शून्य...”

चप्पल माझ्या हातात राहिली.

झुडपात शिरण्याआधी वाघ थांबला आणि आमच्याकडे वळला. सोमाजीने हात जोडले होते. पण तो वाघाच्या डोळ्यांत बघत नव्हता. त्याच्या डोक्याच्या हातभर वर बघत होता.

“सोड तिले, सुनिल... पोरगी हाय रे तुही...”

मला वर काहीच दिसलं नाही. फक्त वाघाच्या कपाळावरचे केस मधोमध दबलेले दिसले. माणूस बसल्यावर गवत दबतं तसे.

आता तिथे दोन ढीग आहेत म्हणे. दीपाली अजून आश्रमशाळेतच आहे, कोणीही न्यायला गेलं तरी येत नाही. आणि मी इथे. माझ्या भीतीला तू आजार म्हणतोस. मी तिला शिक्षा म्हणते.

आता एक सांग. आज तू त्याच वाटेने गेलास. ढिगांवर फांदी टाकलीस ना?

हसू नकोस. टाकली नाहीस? माझेच धडे मला ऐकवू नकोस रे... बरं. तिथे पोचलास तेव्हा भीती किती होती? सत्तर. ठीक आहे, असतेच. आणि ढीग ओलांडल्यावर?

काय म्हणालास?

पुन्हा सांग, अंकुश... शून्य?

उठू नकोस. दाराला हात लावू नकोस, पहिली पायरी आज नको. इकडे खिडकीच्या उजेडात ये आणि मान चोळणं थांबव. सकाळी केस नीट विंचरूनच निघाला असशील ना?

मग टाळूवर, मधोमध, ते असे दबलेले का आहेत?