उजेडाच्या वाटेत कोण?

दुपारची जेवणं वाटून झाली, भेटायला आलेल्यांना वॉचमनने गोड बोलून बाहेर काढलं आणि वॉर्डचे जाड पडदे ओढले गेले, की रुचिराचं काम सुरू व्हायचं. मालाडच्या त्या धर्मादाय इस्पितळात हा रोजचा नेम होता. पंख्यांची घरघर, फिनेलचा वास, आणि पडद्यांमुळे भरदुपारी उतरलेला काळोख. त्यात छतातले दिवे तेवढे पांढरेफेक जळत.

ते दिवे हाच तिचा अभ्यास. डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने ते लुकलुकायचे आणि त्या लुकलुकीतून खाटेजवळच्या यंत्रांना निरोप पोचायचा. ना तार, ना वायफाय. पण उजेड मोठा मानी. भिंतीवरून उडून येईल, फरशीवरून येईल, पण वाटेत माणूस उभा राहिला की रुसतो. म्हणून कुठल्या खाटेशी किती उजेड पोचेल, त्याचं गणित आधी लॅपटॉपवर मांडायचं, मग खाटेच्या दांडीला छोटं यंत्र लावून खरोखर मोजायचं. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन रेघा यायच्या, एक गणिताची, एक मोजलेली. त्या एकमेकींवर बसल्या की गंगेत घोडं न्हालं.

या गणितात हाडामांसाचा माणूस म्हणजे नुसता एक डबा. उभा माणूस उभा डबा, झोपलेला माणूस आडवा डबा. आडव्यानेही रेघ बदलते, म्हणून भरलेली खाट आणि रिकामी खाट लगेच ओळखू येते. रेघा जुळल्या नाहीत, तर गणितात एक डबा टाकायचा आणि जुळेपर्यंत इकडेतिकडे सरकवत राहायचं. म्हणजे वाटेत कोण, कुठे उभं आहे ते कळतं. अंधेरीच्या त्यांच्या प्रयोगशाळेत सगळे असंच करत.

योगायोग असा, की तिचे वडील, चंद्रप्रकाश, न्यूमोनियाने आजारी पडले आणि त्यांना याच वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली. आई गेल्यापासून दिंडोशीच्या घरात बापलेक दोघंच. बाबांनी बरं होऊन घरी यावं, याखेरीज रुचिराला सध्या काहीही नको होतं. काम आपलं हात चालू ठेवायला.

आणि नेमक्या बाबांच्याच खाटेच्या रेघा जुळेनात.

तिने यंत्र पुसलं, बदललं, बाबांचा आडवा डबा पुन्हा मांडला. मोजलेली रेघ खालीच. कंटाळून तिने सौरभला फोन लावला. तो तिच्याबरोबर काम करायचा.

"डबा टाक ना यार, आणि मोकळी हो," तो म्हणाला. "कोणीतरी उभं असेल."

"कोणी नाहीये रे. मी बघतेय ना समोर."

"सलाइनचा स्टँड असेल. टाक तू."

तिने उभा डबा टाकला. सरकवत सरकवत तो बाबांच्या उशाशी नेला, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर गपकन बसल्या. तिने मान वर केली. उशाशी कोणी नव्हतं. स्टँड तर पायथ्याशी होता. तिच्या मनात पाल चुकचुकली, पण तिने लॅपटॉप मिटला आणि बाबांचं पांघरूण सारखं करून ती निघाली.

दुसऱ्या दुपारी तोच डबा तिथेच ठेवला तर रेघा जुळेनात. जागा तीच होती. तिने डब्याची उंची थोडी कमी केली, रेघा जवळ आल्या. आणखी कमी केली, आणखी जवळ. खांद्याइतका, मग छातीइतका. तिथे त्या जुळल्या. रुचिरा बघतच राहिली. उभा माणूस काही रातोरात बुटका होत नसतो. कोणीतरी बाबांच्या तोंडावर वाकलं होतं.

ती धावत सिस्टर अँजेलिनाकडे गेली.

"सिस्टर, बाबांची खाट बदला. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं गं? खिडकीजवळची खाट सगळे मागतात, आणि तू सोडतेस?" अँजेलिना वसईची, आयुष्य या वॉर्डात गेलेली. "चांगली आहे गं ती. तिथले पेशंट आपल्या पायाने घरी जातात, मी बघितलंय."

"मला नको. प्लीज सिस्टर..."

रुचिराचे डोळे भरलेले पाहून अँजेलिनाने पुढे काही विचारलं नाही. दोघींनी वॉर्डबॉयला बोलावून बाबांना धरून मधल्या रिकाम्या खाटेवर आणलं. बाबा जुन्या खाटेकडे वळून बघत राहिले.

रुचिराने नव्या खाटेला यंत्र लावलं. या खेपेला डबा टाकायची गरजच पडली नाही. दोन्ही रेघा पहिल्या फटक्यात जुळल्या. मध्ये कोणीही नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला. तिने बाबांचा हात हातात घेतला, तो चांगला गरम होता.

"बरं वाटतंय ना बाबा?"

"उजेड डोळ्यांर येता गो," बाबा हळूच आपल्या मालवणीत म्हणाले. "थय ती उभी रवायची. सावली धरायची माझ्यार. तिका कित्याक हाकललंस?"

"कोणाला बाबा?"

"नाव माका काय ठावक? रोज येयची. कपाळार हात ठेवायची... मगे श्वास बरो लागायचो."

रुचिराच्या अंगावर सर्रकन काटा आला. वाटेत कोणी आलं की आपल्या लेखी तो अडथळा. उजेड अडवणारं कोणी माणसाला जपतही असेल, हे तिच्या गणितात कुठे मांडलेलंच नव्हतं.

बाबांना परत तिथे न्यायला सांगावं म्हणून ती अँजेलिनाला हाक मारायला उठली आणि खिडकीकडे बघून थबकली. तिथे एव्हाना एका म्हाताऱ्या बाईला आणून झोपवलं होतं. तापाने कण्हणारी ती बाई आता शांत झोपली होती. तिला उठवायचं कोणत्या तोंडाने?

रुचिरा परत येऊन बसली. लॅपटॉप उघडाच होता. आणि मग तिच्या ध्यानात आलं. मधली खाट इतके दिवस रिकामी होती. गणितात ती रिकामीच मांडलेली होती. बाबांचा आडवा डबा तिने इथे टाकलाच नव्हता.

तिने घाईघाईने तो टाकला. रेघा फाकल्या.

काढला. जुळल्या.

पुन्हा टाकला. पुन्हा फाकल्या. उजेडाच्या लेखी ही खाट अजून रिकामीच होती. यंत्र बिघडलं असेल, म्हणून तिने आपला पंजा त्यावर धरला, तर रेघ धाडकन खाली आली. पंजा काढला, रेघ वर. यंत्र ठणठणीत होतं.

"बाबा... जरा हात वर करा ना. यंत्राच्या वर, दिव्याखाली."

बाबांनी कण्हत हात उचलला. थकलेला, सुई टोचून काळानिळा झालेला हात नेमका दिव्याखाली आला आणि तिथे थांबला. रुचिरा डोळ्यांची पापणी न लववता पडद्याकडे बघत होती.

"दिसतंय मा गो मी?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा," ती म्हणाली. "अजून थोडा... वर धरा."

बाबांनी हात आणखी वर धरला. रेघ जागची हलली नाही.