घंटीतला कापूस

पटो न पटो, हे खरंच घडलंय. माझ्या मावशीच्या बाबतीत. रविवारी दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या हॉलमध्ये. चांगल्या पन्नास माणसांदेखत.

कार्यक्रम साधा होता. घरातली एक वस्तू आणायची आणि तिची गोष्ट सांगायची. कुणी किटली आणली, कुणी नवऱ्याचा तुटका चष्मा.

मावशीने तिच्या आईची, म्हणजे माझ्या आजीची, पितळी घंटी नेली.

आजीची वाचा गेलेली. तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. काही हवं असलं की घंटी वाजवायची. मावशी शिवणकाम करते, मशीन शेजारच्या खोलीत. लेक असावी तर अशी, असं आम्ही सगळे म्हणायचो. म्हणायला काय जातं.

"घंटी वाजली की मी हातातलं टाकून धावायचे," मावशी म्हणाली. "एकदाही चुकले नाही."

बायकांनी डोळे पुसले.

मावशीने घंटी टेबलावर ठेवली... हात काढला...

आणि अख्खा हॉल दचकला.

"अहो, ही आपोआप वाजतेय कशी?" ग्रंथपाल बाई उठल्या. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी कानांवर हात ठेवले.

मावशीला मात्र काहीच ऐकू येईना.

पंखा ऐकू येत होता. खुर्च्या सरकल्या, त्याही. घंटी तेवढी नाही...

बाईंनी घंटी उलटी केली. आतल्या लोलकाला कापूस गुंडाळलेला. वर काळा दोरा, घट्ट.

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कापूस तिनेच गुंडाळला होता, आजीच्या शेवटच्या महिन्यात. गिऱ्हाइकांची घाई, दर पाच मिनिटांनी घंटी, जीव विटला होता तिचा. तासभरच, असं मनाशी म्हणाली. मग काढलाच नाही. आजी घंटी हलवायची आणि दाराकडे बघत राहायची.

गेली तेव्हा घंटी मुठीत होती. मावशी पलीकडे बाह्या जोडत होती.

पण तो कापूस तिने त्याच दिवशी कापून फेकून दिला होता... स्वतःच्या हाताने.

आता खालची शेजारीण वर येऊन सांगते, "अहो, केव्हाची वाजतेय तुमची घंटी." मावशी मशीन सोडते, रिकाम्या पलंगापाशी जाऊन बसते.

परवा मी गेलो होतो. हे सगळं तिने मान खाली घालून सांगितलं. मग विचारलं, "आत्ता वाजतेय का रे?"

"नाही," मी म्हणालो.

वाजत होती...