पान दोनशे सत्त्याऐंशी

सही करायला हबीबाने पहिली प्रत उघडली आणि हौसेने आधी शेवट पाहिला. शेवट नव्हता.

दुसरी प्रत उघडली. त्यातही नाही. मग पाचवी, दहावी, विसावी. प्रत्येक पुस्तक पान दोनशे शहाऐंशीवर थांबत होतं. पुढचं, शेवटचं पान शिवणीलगत ब्लेडने कापलेलं. नखाएवढी कड तेवढी उरलेली.

भिवंडीच्या त्या गोदामात तिच्या पहिल्या कादंबरीचे, ‘नूरीचं दार’चे, पंचावन्न गठ्ठे गेल्या शनिवारी उतरले होते. एका गठ्ठ्यात वीस प्रती. रविवारी प्रकाशन. आज शुक्रवार, घरचे यंत्रमाग बंद, म्हणून भाऊ ताबिश तिला गाडीवरून सह्यांसाठी घेऊन आला होता. अकरापर्यंत सगळे गठ्ठे फोडून झाले. एक हजार नव्व्याण्णव प्रती कापलेल्या, आणि एक प्रत गायब.

प्रकाशक जीवन पाठारे पुण्याहून गाडी हाणत आले. विमा कंपनीने धम्मदिनाला पाठवलं.

धम्मदिना सर्व्हेअर. वीस वर्षं ही बाई भिवंडीतली जळकी, भिजकी, उंदरांनी पोखरलेली गोदामं बघत आली होती. आग कुठून लागली हे मालकाने सांगायच्या आत तिला कळायचं. पण एकाच पानाचं नुकसान तिनेही कधी पाहिलं नव्हतं.

“मीच सांगतो कोणी केलंय ते,” पाठारे म्हणाले. “लेखिकेनं.”

“स्वतःचं पुस्तक?”

“अहो, या बाईला सवय फुकट लिहायची! ॲपवर एकशे अठरा भाग, चाळीस हजार वाचक. आम्ही अट घातली, सगळे भाग ॲपवरून काढा, शेवटचं प्रकरण फक्त पुस्तकात. बाईंनी सही केली, मग वाचक शिव्या घालायला लागले. आता पुस्तकात शेवट नाही म्हटल्यावर लोक परत ॲपवरच पळणार की नाही? मंगळवारी हिचा भाऊ इथं दोन तास एकटा होता. व्हिडिओ काढत होता म्हणे. पाच वाजता मी पोलिसात जातोय. करार रद्द, आणि पुन्हा हिचं पुस्तक कोण छापतो ते बघतोच.”

हबीबा गठ्ठ्यावर बसली होती. रडून झालं होतं, आता नुसती चीड उरली होती.

“तुम्ही केलंत?” धम्मदिनाने सरळ विचारलं.

“मॅडम, नारपोलीला आमच्या घरात खाली बारा लूम आहेत. त्या खडखडाटात अडीच वर्षं मोबाईलवर लिहिलं मी. घरचे म्हणायचे, फुकटचे धंदे. छापलेलं पुस्तक दिसलं तर गप्प बसतील म्हणून ते एकशे अठरा भाग माझ्या हातानं उडवले. लोक म्हणाले, बिक गई. ऐकून घेतलं. आणि आता मीच कापणार?” तिचा आवाज चढला. “हे पुस्तक गेलं तर माझ्याकडे काय उरतं? तिकडचं मीच पुसलं, इकडचं कुणीतरी कापलं!”

“वाचकांपैकी कोणी धमकी दिली होती?”

“धमक्या खूप. त्यांचं काही नाही वाटत.” ती थांबली. “एक पोरगी होती. ॲपवर नाव चांदणी. डायलिसिसवर होती. तिनं लिहिलं, ताई, पुस्तकापर्यंत मी पुरणार नाही, नूरीची आई दार उघडते का तेवढं सांगा. आणि मी सगळ्यांना चिकटवत होते तेच तिलाही चिकटवलं. ‘शेवट पुस्तकात वाचा, प्रेम असू द्या.’ वर दोन फुलं.”

“मग?”

“मग जेवण जाईना. पाठारे सरांच्या मागे लागले. फोनवर पाठवू देईनात, म्हणाले, तासाभरात गावभर होईल. शेवटी ऑफिसातून कागदावर छापून पाठवलं. पोरीनं कुणालाही, घरातसुद्धा, सांगायचं नाही या अटीवर.”

“पोचलं?”

“काय माहीत? तिचं उत्तरच आलं नाही.”

धम्मदिनाने वहीत दोन ओळी खरडल्या आणि गोदामाच्या टोकाला गेली. तिथल्या टेबलाशी गोदामकीपर सावळाराम बसला होता. पन्नाशीचा, अकलोलीकडचा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मागच्या रॅकवर पाकिटांची, पुडक्यांची चळत. प्रत्येकावर पिवळा स्टिकर : परत.

“हे काय?”

“बिनचलानाचा माल. चलान न्हाय त्यो माल मी उघडत न्हाय. स्टिकर मारायचा, तारीख टाकायची, रॅकवर. दिवाळीनंतर समदं रद्दीत.”

“स्टिकर तर पत्त्यावरच मारलेत.”

“पत्ते वाचीत बसलो तर गाडी कवा खाली करू, मॅडम?”

“किल्ली कोणाकडे असते?”

“माझ्याकडं. सकाळी सातला मी उघडतो, हमाल नऊला येतात.”

“तुम्ही वाचलंत हे पुस्तक?”

“न्हाय. मी चलानं वाचतो.”

“कोणाचं काम असेल?”

“मना काय म्हायती? पन ती नूरी आता दारातच उभी ऱ्हानार. ऱ्हाऊं दे. उभी ऱ्हाऊं दे जन्मभर.”

धम्मदिनाने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तिने एक ब्लेड मागून घेतलं, हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलं आणि एका गठ्ठ्यातल्या वीस प्रतींचं आणखी एकेक पान कापायला बसली. पाठारे ओरडले. तिने मानही वर केली नाही. कापून झाल्यावर प्रती रचल्या, खाकी कागद गुंडाळला, नायलॉनची पट्टी ओढून मशीनने दाबली. नऊ मिनिटं लागली. ते मशीन सावळारामने कपाटाचं कुलूप काढून दिलं होतं.

मग तिने पाठाऱ्यांच्या पुण्याच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या कारकून पार्वतीबाईंना टपालाची नोंदवही काढायला लावली. पार्वतीबाईंनी वाचलेला पत्ता तिने दोनदा विचारून घेतला. फोन ठेवल्यावर ती मागच्या रॅकवरच्या तारखा बघत गेली.

साडेचारला तिने सगळ्यांना टेबलाशी बोलावलं.

“पाठारेसाहेब, पोलिसांत जायची घाई करू नका. एका गठ्ठ्याला नऊ मिनिटं, म्हणजे पंचावन्न गठ्ठ्यांना साधारण आठ तास. ताबिश इथं होता दोन तास. बरं, कापलेले गठ्ठे पुन्हा पट्टी मारून बांधलेले होते. त्या मशीनला कुलूप. ताबिश काय दातानं पट्टी मारणार?”

ताबिश पहिल्यांदाच हसला. “मी तेच सांगत होतो मघापासून!”

“गप बस रे. आता राग कसला ते बघा. चोरून छापणाऱ्याला एक प्रत पुरते. प्रकाशकावर राग असता तर एक पाण्याचा पाइप सोडला की काम झालं. इथं माणसानं एकेक पुस्तक हातात घेतलंय. दोनशे शहाऐंशी पानं शाबूत ठेवली आणि शेवट तेवढा नेला. वाचणाऱ्यानं शेवटापर्यंत यावं आणि तिथं त्याचं तोंड फुटावं, असा हा राग आहे. ज्याला शेवट मिळाला नाही, त्याच्या घरचा.”

ती सावळारामकडे वळली.

“सावळाराम, पुस्तक वाचलं नाही म्हणता. मग नूरी दारात उभी आहे हे कोणी सांगितलं?”

सावळारामच्या कमरेच्या किल्ल्या वाजल्या. तो उठला नव्हता, नुसता हलला होता.

“सोमवारपासून रोज सात ते नऊ. हमाल यायच्या आत. चार सकाळी, आठ तास. बरोबर?”

“बरोबर,” तो म्हणाला.

“चांदणी तुमची कोण?”

“पोर माझी. करिष्मा. एकोनीस वर्साची.” त्याने हबीबाकडे पाहिलं. “आठवड्यातून दोनदा मशीनवर पडायची. ही गोष्ट मोठ्यानं वाचायची, मी बाजूला बसून ऐकायचो. आई नसलेली पोर, तिला त्या नूरीच्या आईचंच पडलेलं. आई दार उघडंल का पप्पा? तुमी काय लिवलंत? पुस्तकात वाचा. प्रेम असू द्या. ती ओळ अजून हाय तिच्या फोनवर. ऑगस्टच्या एकोनीस तारखेला गेली. आनि मंगं तेच पुस्तक माझ्याच गोदामात आलं. मीच उतरवून घ्यायचं, मीच सही करायची!”

“पानं कुठं आहेत?”

“रोज दुपारी नदीवर नेली. तिची राख सोडली तिथंच सोडली. एक आख्खी प्रत तिच्या फोटोखाली हाय. मी उघडली न्हाय. तिला न्हाय गावलं, ते कुनालाच न्हाय गावनार.”

“शेवटी शेवटी काय बोलायची ती?” धम्मदिनाने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

त्याचा चेहरा मऊ झाला. “काय न्हाय. मी घरी गेलो की रोज इचारायची, पप्पा, आज गोदामात काय माल आला? रोज. मी म्हनायचो, शाळंच्या गाइडा आल्या, वह्या आल्या. अजून काय पप्पा? असं इचारायची. बापाच्या कामाचं लई कवतिक तिला.”

धम्मदिनाला वाटलं, आता पुरे. चोर सापडला, तिचं काम संपलं, निघावं इथून. पण हबीबा ताडकन उठली होती.

“मी पाठवलं होतं! आख्खं प्रकरण पाठवलं होतं तिला!”

“खोटं.”

“पाठवलं होतं, अल्लाची शपथ!”

“खोटं! काय पन आलं न्हाय घरी!”

“घरी नाहीच पाठवलं,” धम्मदिना म्हणाली. “अकलोलीला कुरियर येत नाही म्हणून तिनं बापाच्या कामाचा पत्ता दिला. कुणाला सांगायचं नाही अशी अट होती. पोरीनं ती पाळली. तुम्हालाही सांगितलं नाही.”

ती रॅकपाशी गेली. ऑगस्टची चळत खालून तिसरी होती. पाठाऱ्यांच्या ऑफिसचं खाकी पाकीट काढायला तिला फार शोधावं लागलं नाही. पिवळा स्टिकर तिने एका कोपऱ्यातून थोडासाच सोलला. खाली निळ्या शाईत होतं : कु. करिष्मा सावळाराम.

तिने पाकीट टेबलावर ठेवलं. स्टिकरवरची तारीख होती चौदा ऑगस्ट.

“अक्षर तुमचंच ना?”

सावळारामचं बोट त्या तारखेवर थांबलं. पाच दिवस. पाच संध्याकाळी पोरीने विचारलं होतं, आणि त्याने सांगितलं होतं, गाइडा, वह्या.

पाठारे घसा खाकरून म्हणाले, “मग... प्रकाशनाचं काय करायचं?”

“रविवारीच करायचं,” हबीबा म्हणाली. तिचे डोळे त्या पाकिटावरच होते. “पुस्तकं अशीच विका, लंगडी. शेवटचं पान मी आज ॲपवर टाकते. फुकट. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं. तुम्हाला करार फाडायचा तर आत्ता फाडा.”

दुपारी तिच्यावर ज्याचा आळ आला होता, नेमकं तेच ती करणार होती. पाठाऱ्यांनी कापलेल्या पानाच्या त्या कडेकडे पाहिलं, मनात काहीतरी हिशोब केला आणि हो म्हणाले. पोलिसांना फोन मात्र त्यांनी केलाच.

पोलिसांची गाडी येईपर्यंत सावळाराम पाकीट मांडीवर घेऊन बसला होता. फाडलं नव्हतं.

“ताई,” त्याने खाली बघतच हबीबाला विचारलं, “उघडती का आई दार?”

हबीबाला दया आली होती, पण तिचा राग त्याहून मोठा होता. “तुमच्या हातात आहे,” ती म्हणाली. “वाचा.”

त्याने ते वाचलं नाही. पोरीचं नाव पुरतं दिसावं म्हणून तो नखाने उरलेला स्टिकर सोलत राहिला. डिंक जुना आणि चिवट होता. स्टिकर निघाला, तेव्हा खालचा कागदही त्याच्याबरोबर सोलून आला. पाकिटावर नाव उरलं नव्हतं.