अनसूयाबाईंनी दिलेली ओ

बसा. आणि तो मोबाईल उपडा ठेव रे, डोळ्यांवर उजेड येतो. भूत मी पाहिलेलं नाही, उगाच कशाला थापा मारू? पण भालचंद्र माझा शेजारी. पाटणकर बाजारात कापडाच्या दुकानावर आमची दोन बिऱ्हाडं होती, दारं समोरासमोर. त्याने हे मला सांगितलं ते रडत सांगितलं. रडणारा माणूस खोटं बोलत नाही असं नाही, पण इतकं बारीकसारीक बोलत नाही.

तारीख एकतीस ऑक्टोबर, सन दोन हजार. मंगळवार. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले होते. त्या रात्री बाराला मध्य प्रदेशाचे दोन तुकडे व्हायचे होते. आपल्या ग्वाल्हेरला वाटण्या नव्या नाहीत. संस्थान विलीन झालं, मध्य भारत आला, आठ वर्षांत तोही मोडला आणि राजधानी गेली भोपाळला. दर वेळी कुणाचं तरी बिऱ्हाड उचललं गेलं. या वेळी सरकारी कर्मचाऱ्यांच्या याद्या निघाल्या, आणि इंदरगंजातल्या एका कचेरीत बाबू असलेल्या भालचंद्राचं नाव छत्तीसगडच्या यादीत लागलं. सकाळच्या गाडीने रायपूर गाठायचं होतं.

नोकरीचं त्याला काही वाटत नव्हतं. घोर होता तो आईचा. घरात दोघंच, तो पस्तिशीचा बिनलग्नाचा आणि अनसूयाबाई सत्तरीच्या. अनसूयाबाई म्हणायच्या, मी हे घर सोडून कुठे येणार नाही. का? तर पद्मा आली आणि दाराला कुलूप दिसलं तर पोर जाईल कुठे?

पद्मा म्हणजे भालचंद्राची धाकटी बहीण. शहात्तर साली तिघऱ्याच्या धरणावर सहलीला गेले होते. ती सात वर्षांची, तो अकरा. तिचा हात त्याच्या हातात दिला होता. त्याने चिंचा पाडायला सोडला. बस, तेवढाच वेळ. तीन दिवस गळ टाकले, पोर सापडली नाही. सापडली नाही म्हणून अनसूयाबाईंनी तिला कधी गेलेली मानलंच नाही. मुलाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा.

तर त्या संध्याकाळी भालचंद्र टोपी बाजारात टीव्ही आणायला गेला. मंगळवारी नऊला एक जादूटोण्याची मालिका लागायची. आमच्या सगळ्या लश्कर भागातल्या बायका तिच्यापायी वेड्या झाल्या होत्या. अनसूयाबाईंनी पोराला बजावलं होतं, "जायचं तर जा बाबा, पण आजचा भाग मला दाखवून जा."

टीव्ही दुरुस्त करणारा सूर्याजी. आजोबा फौजेत, हा सोल्डरिंगच्या धुरात. तो म्हणाला, "भालूभैया, पिक्चर एकदम चोख झालंय. पण आवाजाची उम्मीद नको ठेवू. स्पीकर जळलाय, काढून ठेवला. दिल्लीहून माल येईल गुरुवारी, तेव्हा लावून देईन."

"गुरुवारी मी कुठे असणार? असाच दे. आई बिना आवाजाची बघेल."

"अरे, रडारडीचा भाग आहे आज. आवाजाशिवाय काय मजा येणार?"

दोघं हसले. सूर्याजीने टीव्ही सायकलरिक्षात ठेवून दिला. जळका स्पीकर त्याच्या टेबलावरच राहिला. हे लक्षात ठेवा.

नऊला पाच कमी असताना टीव्ही लागला. चित्र खरंच चोख होतं. भालचंद्र मागे ट्रंक भरत होता आणि अनसूयाबाई त्याला गोष्ट समजावत होत्या. "ही राणी. हिच्या पोरीला त्या मेल्या मांत्रिकाने पाणी करून टाकलंय, ती या बावडीत, पायऱ्यांच्या विहिरीत आहे. आज एकदाच हाक मारणार. आईने तेवढ्यात ओ दिली तर पोर सुटणार. नाही दिली, तर जन्माची पाण्यात."

भालचंद्र गमतीने म्हणाला, "आणि तू आम्हाला काय शिकवलंस? दिवेलागणीनंतर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतं..."

"...आणि दुसरं असतं ते एकदाच," अनसूयाबाईंनी पुरं केलं. "ते आहेच. पण ती राणी आहे, तिला कोण शिकवणार? गप्प बस आता."

पडद्यावर राणी बावडीच्या पायऱ्या उतरत होती. घरात सगळं शांत. खाली दुकानाचं शटर पडलं, तोही आवाज थांबला. पाणी हललं. पाण्यात एका मुलीचा चेहरा आला. तिने तोंड उघडलं. राणीनेही उघडलं, पण मांत्रिकाने तिचा गळा बांधून टाकला होता. ती नुसती तडफडत होती. भालचंद्रही ट्रंक सोडून बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याला स्वतःचीच लाज वाटली.

आणि टीव्हीतून हाक आली.

"आई..."

हिंदी मालिका, पोरांनो. आणि हाक मराठीत. आणि स्पीकर टोपी बाजारात.

भालचंद्र म्हणाला, मला आधी काही वाटलंच नाही. ओळखीचा आवाज कानाला खटकत नाही. मग तो आईकडे वळला, तिच्या तोंडावर हात ठेवायला. उशीर झाला होता.

"ओ," अनसूयाबाई म्हणाल्या. "आले गं, बाळा."

लाइट गेली.

सगळ्या बाजाराची गेली. त्या काळात रोजच जायची, त्यात नवल नव्हतं. पण अंधारात अनसूयाबाई उठल्या. साठ वॉटच्या दिव्यातही चाचपडणारी बाई, ती सरळ दाराकडे चालत आली. कुठे ठेच नाही. कुठे धक्का नाही. भालचंद्र धावला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"बाजूला हो, भालू."

"आई, नको."

"बाहेर उभी आहे ती. ओली आहे."

"आई, कुणी नाहीये. लाइट येऊ दे. तुझ्या पाया पडतो..."

आईने त्याच्या छातीवर हात ठेवला. ढकललं नाही. नुसता ठेवला. दोघंही तशीच उभी राहिली.

जिन्यावर काही नाही. बाजारात काही नाही.

मग दाराच्या पलीकडून, त्याच्या कमरेच्या उंचीवरून...

"दादा."

एकदाच.

चोवीस वर्षं हीच हाक ऐकायला त्याचा जीव तडफडत होता. ओ द्यावी, दार उघडावं, तिला कवटाळावं, सांगावं की चुकलो गं. सगळं ओठांवर आलं. त्याने स्वतःचं मनगट दातांत धरलं. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारेल. मारेलच. त्याने वाट पाहिली. एक मिनिट... दोन... दारामागे कुणी श्वास घेत नव्हतं. हाकही आली नाही.

"दुसऱ्यांदा तिचा हात मीच सोडला, काका." हे सांगताना तो लहान पोरासारखा रडला. मनगटावर दातांचे वण होते. मी पाहिले.

साडेनऊला लाइट आली. टीव्हीवर साबणाची जाहिरात, मुकी. अनसूयाबाई खाटेवर बसल्या होत्या, चेहरा अगदी निवांत. म्हणाल्या, "माझंही लुगडं घाल ट्रंकेत. सकाळी येते तुझ्याबरोबर."

इतकी वर्षं जी बाई उंबरा सोडायला तयार नव्हती, ती आपण होऊन निघाली. भालचंद्राला वाटलं, सुटलो. आनंदाने त्याला झोप लागली नाही. त्याने विचारायला हवं होतं की का येतेस. पण देव पावला की कुणी त्याला कारण विचारतं का?

पहाटे मी स्वतः ट्रंक खाली उतरवली. त्याने दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चावी खिशात टाकली. अनसूयाबाईंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "मधूभाऊजी, भालूकडे लक्ष असू द्या हं." मी म्हटलं, वहिनी, रायपुरात कसं लक्ष ठेवू? त्या हसल्या.

झाशीला त्यांनी विचारलं, "कुठवर आलो रे?"

"झाशी."

"मग फार लांब नाही आलो," असं म्हणून त्यांनी खिडकीला डोकं टेकलं. ललितपूर गेल्यावर भालचंद्र चहा द्यायला गेला, तर अंग थंड. त्याने बीना स्टेशनवर आईला उतरवलं. तिथून मला फोन केला, जीप ठरवली आणि रात्री अकराला तिला घेऊन आला. नवं राज्य होऊन तेवीस तास झाले होते आणि हा माणूस अजून जुन्यातच होता.

आम्ही चौघांनी वहिनींना जिन्याने वर आणलं. निदान एक रात्र आपल्या घरात राहू दे, असं त्याचं म्हणणं. बॅटरी मी धरली होती. त्याने खिशातून चावी काढून मला दिली, कुलूप मी उघडलं. या हाताने. सकाळी जसं लावलं होतं तसंच होतं. खोलीला दुसरं दार नाही. खिडक्यांना गज आहेत, मांजरही जाणार नाही.

मी दार ढकललं. हललं नाही. भालचंद्राने ढकललं. मग मी फटीला बॅटरी लावून आत पाहिलं.

आतून कडी लावलेली होती.